चव्वेचाळीस हजार नऊशे त्रेपन्न

ख्वे मास्तरांनी सादेक गावच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत गावातल्या एकाही माणसाच्या डोक्यातली एकही खुळी समजूत त्यांना हलवता आली नाही. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाहीये, ते स्वतःच चारचौघांत सांगायचे. वर्गात मूळ संख्या शिकलेली पोरं घरी जाऊन आजीला विचारायची, उद्या परीक्षा आहे तर आज केस कापले तर चालतील का. मास्तर चिडायचे, हातातला खडू मोडायचे, आणि असे पुष्कळ खडू मोडून शेवटी निवृत्त झाले.

पण माणूस कितीही तर्काचा असला तरी कुठंतरी हळवा असतोच. मास्तर हळवे होते ते बाजारात, नदीकडच्या ओळीत, साउबाईंच्या हू तिएवच्या, म्हणजे रस्सा-शेवयांच्या, दुकानात. साउ म्हणजे सहावी. खरं तर आईबापांचं हे पाचवं अपत्य, पण आमच्याकडं थोरल्याला 'दोन' म्हणून हाक मारायची पद्धत, त्यामुळं पुढची सगळी मोजणी एकानं सरकलेली. मास्तरांना याचाही राग. जिथं माणसांना स्वतःची पोरं धड मोजता येत नाहीत तिथं मी गणित शिकवून काय दिवे लावणार, असं ते म्हणायचे. साउबाईंसमोर मात्र म्हणत नसत.

साउबाई विधवा, मास्तर विधुर. गेली आठ वर्षं मास्तर रोज पहाटे पाचला त्यांच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक म्हणून हजर. आणि आमच्या बाजारात पहिलं गिऱ्हाईक ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही बरं का. ते हलक्या हाताचं असलं तर माल झरझर खपतो, जड हाताचं असलं तर दिवसभर माश्या मारत बसा. सकाळी सकाळी भाव विचारून काही न घेता निघून गेलेल्या माणसाच्या पाठीमागं कागद पेटवून ओवाळणाऱ्या बायका मी या डोळ्यांनी पाहिल्यात. आठ वर्षांपूर्वी मास्तरांना एकदा झोप लागेना म्हणून ते लवकर आले, त्या दिवशी साउबाईंचं पातेलं आठाच्या आत खडखडीत झालं, आणि मास्तरांचा हात हलका असं बाजारानं ठरवून टाकलं. तेव्हापासून कोपऱ्यातलं टेबल त्यांचं, पहिला वाडगा त्यांचा, आणि वर काळजाचे दोन काप जास्तीचे.

मास्तरांचा हलक्या हातावर काडीचाही विश्वास नव्हता. दुसऱ्या कुणाबद्दल असं काही ऐकलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं फळा मागवला असता. पण पाच ते सव्वापाच दुकानात दोघंच असायची. साउबाई कांद्याची पात चिरता चिरता कालच्या गोष्टी सांगायच्या, मास्तर ऐकायचे. ती पंधरा मिनिटं हाताच्या हलकेपणावर मिळत होती, म्हणून मास्तरांनी आठ वर्षं तोंडाला कुलूप लावलं. त्यातली शेवटची दोन वर्षं तर ते एकच वाक्य तोंडात घोळवत होते. लग्न कराल का माझ्याशी, एवढंच वाक्य. रोज पहिल्या घासाबरोबर ते वर यायचं आणि रश्श्याबरोबर खाली जायचं.

अशात साउबाईंनी नवीन गाडी घेतली. लालभडक स्कूटर, पुढं टोपली ठेवायला ऐसपैस जागा असलेली. गाडी दुकानातून आणणं सोपं, नंबर मिळणं अवघड. पोलीस ठाण्यात टेबलावर एक बटण असतं, समोर पडदा. बटण दाबलं की आकडे गरागरा फिरतात आणि जिथं थांबतील तो तुमचा नंबर. हल्ली तर नंबर माणसाच्या नावावरच चढतो, गाडी विकली तरी तो मागं राहतो. मग बटण कुणी दाबायचं यावर घरोघर खलबतं चालतात. कुणी पोटुशी सून नेतं, कुणी तान्ह्या पोराचा अंगठा नेतं. गेल्या महिन्यात एकानं विहारातल्या ऐंशी वर्षांच्या भिक्खुणीला रिक्षानं नेलं होतं.

साउबाईंकडं त्राकशेठ स्वतःहून आले. त्राकशेठ म्हणजे फुलझाडांच्या वाडीचे मालक, गोरेगोमटे, तेही विधुर, आणि त्यांच्या जुन्या गाडीचा नंबर ३९७९. एकोणचाळीस म्हणजे धाकटा धनदेव, एकोणऐंशी म्हणजे थोरला धनदेव. दोन देव एकाच पाटीवर बसलेले, म्हणून ते गाडी नेहमी लोकांना पाटी दिसेल अशी आडवी लावत. आपला हात वापरा, असं ते म्हणाले. साउबाई म्हणाल्या, हात आहे माझ्याकडं, मास्तरांचा.

मास्तरांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण सोडावं लागलं. साउबाईंनी सांगितलेलं सगळं पथ्य त्यांनी पाळलं. तीन दिवस माकूळ खाल्ला नाही, कारण त्याची शाई काळी. बदक खाल्लं नाही, तेही अपशकुनी म्हणून. बटण दाबायच्या दिवशी सकाळी पपनसाच्या पानांच्या पाण्यात उजवा हात मनगटापर्यंत बुडवून बसले, तेही पाच मिनिटं, घड्याळ लावून. का म्हणाल तर म्हणे बाईमाणसाच्या समाधानासाठी. पण घरात एकटेच होते आणि साउबाई तिथं नव्हत्या, हे मी आपलं सांगून ठेवतो.

ठाण्यात ही गर्दी. मास्तर पुढं झाले, डोळे मिटले, आणि तर्जनीनं बटण दाबलं.

आकडे फिरले, थांबले. चार, चार, नऊ, पाच, तीन.

सगळ्या ठाण्यातून एक लांबलचक 'अगं आई' उमटलं. चार म्हणजे मरण, इथं दोनदा. एकोणपन्नासावं वर्ष घाताचं, ते मधे बसलेलं. त्यातून सुटलात तर त्रेपन्नावं गाठतं, ते शेवटी टपलेलं. सगळी पीडा एकाच पाटीवर, आणि तीही जागा न सोडता. मागं उभ्या असलेल्या बाईनं आपला नातू कडेवर घेतला आणि चार माणसांना पुढं जाऊ दिलं, म्हणजे मधे थोडं अंतर पडेल. एका म्हाताऱ्यानं आकड्यांची बेरीज केली, पंचवीस, म्हणजे शेवटच्या अंकाचे गुण पाच, तेही धड ना चांगले ना वाईट, असं म्हणून त्यानं मान हलवली. टेबलामागचा शिपाई रोज शंभर नंबर बघणारा माणूस, पण त्यानंही पेन हळूच दुसऱ्या हातात घेतलं.

साउबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं.

मास्तर त्या वेळी भागाकार करत होते.

त्यांचं काय झालं, आकडा पाहताक्षणी त्यांच्या लक्षात आलं की दोनशे बाराचा वर्ग चव्वेचाळीस हजार नऊशे चव्वेचाळीस. उरले नऊ, म्हणजे तिनाचा वर्ग. दोन वर्गांची बेरीज! अहो, आणि दोनशे बारा उलट वाचा, दोनशे बाराच. चव्वेचाळीस हजार नऊशे चव्वेचाळीस उलट वाचा, तेच. मग ही संख्या मूळ आहे की काय, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला. ते बघायला दोनशे अकरापर्यंतच्या सत्तेचाळीस मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावा लागतो, आणि मास्तर टेबलाला धरून उभ्या उभ्या पुटपुटत देऊ लागले. सातानं नाही. अकरानं नाही. तेरानं बारा उरतात. शिपाई म्हणाला, आजोबा, सही करा आणि बाजूला व्हा. मास्तरांनी सही केली आणि भागाकार चालूच ठेवले. एकोणऐंशीनं भागताना फक्त दोन उरले तेव्हा त्यांचा श्वास अडकला. पंचवीस मिनिटांनी दोनशे अकराचा निकाल लागला, आणि मास्तरांनी त्या शिपायाचे दोन्ही हात हातात घेतले.

"मूळ आहे. कशानंही भाग जात नाही. साउबाई, मूळ संख्या आहे ही."

साउबाई ठाण्याच्या पायरीवर बसून रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मास्तर नेहमीसारखे दुकानात पोचले. कोपऱ्यातल्या टेबलावर त्राकशेठ बसले होते, आणि त्यांच्या वाडग्यात काळजाचे दोन काप जास्तीचे तरंगत होते. साउबाई पात चिरत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, की मास्तर, उद्यापासून सातनंतर येत चला.

सातनंतर म्हणजे हमाल, शाळेची पोरं आणि कोंबड्या विकणाऱ्या बायका. सातनंतर म्हणजे मास्तर पन्नासांतले एक. घोळवून घोळवून गुळगुळीत केलेलं वाक्य त्या गर्दीत कुठं बोलणार? बरं, हे असंच राहिलं तर एक दिवस ते वाक्य त्राकशेठ बोलून मोकळे होतील, हेही त्यांना दिसत होतं. त्राकशेठना वाक्यं घोळवायची सवय नव्हती.

मास्तरांनी ठरवलं की नंबर चांगला आहे हे साउबाईंना पटवून द्यायचं, म्हणजे हात आपोआप हलका होईल. आता या माणसाला काय म्हणावं सांगा. सात वाजून एक मिनिटानं ते येत, जागा मिळेल तिथं बसत, आणि सुरू होत. मूळ संख्या म्हणजे सोन्यासारखी, तिला कुणी तोडू शकत नाही. त्यातही ही दोन वर्गांची बेरीज, आणि ती एकाच रीतीनं होते, दुसरी रीत शोधून दाखवा. त्राकशेठचा ३९७९ बघा, तेवीस गुणिले एकशे त्र्याहत्तर. फुटका नंबर आहे तो, दोन तुकडे. त्राकशेठ म्हणाले, तुकडे असतील, पण देवाचे आहेत. बाजार हसला, आणि साउबाईंनी मास्तरांपुढं वाडगा जरा आपटूनच ठेवला.

असे बारा दिवस गेले. नंबरची कीर्ती गावभर झाली. साउबाई गाडी घेऊन निघाल्या की रस्ता मोकळा होई. नदी ओलांडायच्या तराफ्यावर त्यांच्या गाडीभोवती चार हात जागा सुटे. एकदा किल्ली गाडीलाच विसरली, ती पूर्ण दिवस आणि रात्र तशीच लटकत होती, आणि ज्या बाजारात चपलासुद्धा सांभाळाव्या लागतात तिथं गाडीला कुणी बोट लावलं नाही. उलट कुणीतरी चाकाशी उदबत्ती लावून गेलं होतं.

तेराव्या दिवशी साउबाईंच्या लेकीनं घोळ घातला. लुआ तिचं नाव, औषधाच्या दुकानात कामाला, स्वभावानं गोड आणि मास्तरांच्या बाजूची. तिला मास्तरांची दया आली. तिनं फोनवर कुठलंतरी पान शोधून काढलं, ज्यात कुठलाही आकडा टाकला की गणितातले लोक त्याला काय काय म्हणतात त्याची यादी येते. भरल्या दुकानात ती म्हणाली, थांबा, गणितवालेच काय म्हणतात बघू या, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद. मास्तर खुशीत येऊन म्हणाले, वाच, मोठ्यानं वाच.

"मूळ," लुआनं वाचलं. मास्तरांनी विजयानं सगळीकडं पाहिलं. "न्यून. म्हणजे तुटीची." पुढचं वाचताना तिचा आवाज जरा खाली आला. "एकाकी. दुःखी." मग ती थांबली.

"पुढं काय आहे?" त्राकशेठनी विचारलं. ते सातनंतरही हललेले नव्हते.

"दुष्ट," लुआ म्हणाली.

दुकानात चमच्यांचे आवाज थांबले. केळीवाली म्हणाली, हे आम्ही नाही हो म्हटलं, हे तुमच्याच लोकांनी म्हटलंय.

मास्तर उभे राहिले आणि समजावू लागले, आणि तिथंच सगळं हातचं गेलं. दुष्ट म्हणजे तसं दुष्ट नव्हे हो, संख्या एक आणि शून्य एवढ्याच अंकांत लिहायची, त्यातले एक मोजायचे, ते सम निघाले की तिला दुष्ट म्हणायचं, हिच्यात दहा आहेत. कुणीतरी विचारलं, मग विषम निघाले तर सज्जन का? मास्तरांनी तिकडं लक्ष दिलं नाही. तुटीची म्हणजे तिचे भाजक मिळवले तर तिच्याइतके भरत नाहीत, सगळ्याच मूळ संख्या तशा. एकाकी म्हणजे भाजकांच्या हिशेबात तिला जगात जोडीदार सापडत नाही. एवढं बोलून मास्तरांची नजर साउबाईंकडं गेली, साउबाईंची मास्तरांकडं, आणि मास्तर कानापर्यंत लाल झाले.

"आणि दुःखी?" साउबाईंनी विचारलं. बारा दिवसांत त्यांनी मास्तरांना विचारलेली ही पहिली गोष्ट.

ते करूनच दाखवतो म्हणून मास्तरांनी हात पुसायचा कागद ओढला. प्रत्येक अंकाचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. शेवटी एक आला तर संख्या सुखी. सोळा, सोळा, एक्याऐंशी, पंचवीस, नऊ, झाले एकशे सत्तेचाळीस. परत तेच करा, सहासष्ट. परत, बाहत्तर. परत करायला गेले आणि त्यांचा हात थांबला.

"किती आले?" केळीवालीनं मान लांब करून पाहिलं. "त्रेपन्न. बाई गं, आलाच परत."

पुढं करा, पुढं सुटेल, असं काही दयाळू माणसं म्हणाली. मास्तरांनी घाम पुसत पुढं केलं. चौतीस, पंचवीस, एकोणतीस, पंच्याऐंशी, एकोणनव्वद, एकशे पंचेचाळीस, बेचाळीस, वीस. अख्खं दुकान टेबलाभोवती गोळा झालं होतं, शेवया गार होत होत्या. विसाचे अंक दोन आणि शून्य. मास्तरांनी शेवटचा आकडा लिहिला आणि त्यावर पटकन वाडगा ठेवला. त्राकशेठनी वाडगा उचलला. खाली चार होता.

त्या दिवसानंतर मास्तरांनी नंबरचं नाव काढलं नाही. सात वाजता यायचे, खायचे, जायचे. साउबाई वाडगा ठेवायच्या आणि वळायच्या. बघणाऱ्यांनाही बरं वाटत नव्हतं. मला विचाराल तर मास्तरांनी तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं, पण मला विचारलं कुणी?

मग एका रविवारी शेवयांची गाडीच आली नाही. रविवारी साउबाईंकडं दुप्पट गर्दी असते. शेवयावाल्याचा फोन आला की टेम्पो बिघडलाय, पुलापलीकडं येऊन घेऊन जा. दोन टोपल्या होत्या. एक पुढं पायाशी बसली असती, दुसरी मागं कुणीतरी मांडीवर धरून बसायला हवं होतं. लुआ कामावर गेलेली. साउबाईंनी गाडी दुकानापुढं उभी केली आणि कुणी येतंय का म्हणून विचारलं.

बाजाराला एकाएकी कामं आठवली. केळीवालीची केळी पिकू लागली. कोंबडीवाल्याच्या पायात गोळा आला. साउबाईंनी त्राकशेठकडं पाहिलं, कारण वीस दिवस पहिला वाडगा तेच खात होते. त्राकशेठ म्हणाले, आलो असतो, पण डॉक्टरनं दुचाकीवर बसायला बंदी केलीय. त्यांची स्वतःची दुचाकी समोरच आडवी लावलेली होती, दोन्ही देव दाखवत. मग ते म्हणाले, मागं बसायला बंदी आहे, पुढं बसायला नाही. हे ऐकून त्यांच्या बाजूचे लोकसुद्धा खाली बघू लागले.

साउबाई वळल्या.

"मास्तर, तुम्ही चला. तुम्ही तर मानत नाही."

बरोबरच होतं. मास्तर मानत नव्हते. ते उठले, म्हणाले, गुडघा जरा धरलाय. साउबाई म्हणाल्या, गुडघ्याला बसायलाच सांगतेय, पळायला नाही. हेल्मेट म्हणून जादा टोप एकच होता, लुआचा. गुलाबी, वर सशाचे दोन कान. मास्तरांनी तो डोक्यावर घातला, पट्टा आवळला, गाडीच्या मागं येऊन उभे राहिले, आणि त्यांची नजर पाटीवर गेली.

आणि पाय उचलेना.

आता इतके दिवस कुणाच्या ध्यानात आली नव्हती ती गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. गाडी येऊन तीन आठवडे झाले होते, आणि नंबरचे पोवाडे गाणारे मास्तर एकदाही त्या गाडीवर बसले नव्हते. ठाण्यातून परत येतानासुद्धा ते व्यायाम म्हणून चालत आले होते. मास्तर एकोणपन्नास वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना वर्षभर नदीत पाय घालू दिला नव्हता. आणि मास्तरांनीही घातला नव्हता, गणिताचे शिक्षक असून.

साउबाईंनी पाटीकडं बोट दाखवलं. "या नंबरात काही वाईट आहे का, मास्तर?"

"नाही."

"मग?"

टोपाचे कान थरथरत होते.

"मला भीती वाटते," मास्तर म्हणाले. "मूळ आहे, दोन वर्गांची बेरीज आहे, सगळं खरं आहे. पण बटण दाबलं आणि ते दोन चार दिसले ना, तेव्हाच तिथून पळून जावंसं वाटलं. म्हणून तर भागत बसलो. भागत होतो तोवर भीती वाटत नव्हती."

कुणी हसलं नाही.

"हे मला त्या दिवशी पायरीवर येऊन सांगायचं होतं," साउबाई म्हणाल्या. "मी रडतेय आणि तुम्ही त्या शिपायाला मिठ्या मारताय. मला वाटलं, या माणसाला माझ्या वाइटाचा आनंद झालाय. बारा दिवस आकडे ऐकवलेत मला, आणि एकदा विचारलं नाहीत की साउबाई, तुम्हाला भीती वाटते का."

"वाटते का?"

"वाटते तर. रोज बसते गाडीवर आणि आधी सगळ्या देवांची नावं घेते. शेवया संपल्यात, मास्तर. बसा आता."

मास्तर बसले. कसे बसले ते त्यांनाही सांगता यायचं नाही. गाडी निघाली तेव्हा पकडायला काही सापडेना, म्हणून त्यांनी डोळे मिटून दोन्ही हातांनी साउबाईंची कंबर धरली. रविवारचा भरला बाजार, भर सकाळ, विधवा बाई आणि मागं सशाचे कान घातलेले निवृत्त मास्तर. हे बघितल्यावर गावात पत्रिका छापायची गरज उरत नाही. केळीवालीनं केळी तशीच सोडली आणि बघत राहिली. त्राकशेठनी काळजाचा काप तोंडात घातला, पण तो चावायचं त्यांना सुचलं नाही.

पुलाच्या अलीकडं लाल सिग्नल लागला. तिथं उरलेले सेकंद उलटे दिसत जातात. साठावर गाडी थांबली. मास्तरांनी ठरवलं, आता बोलायचंच. पण त्रेपन्न यायचे होते, म्हणून ते थांबले. मग म्हटलं, एकोणपन्नास जाऊ द्यावेत. मग चव्वेचाळीसही जाऊ दिले. त्रेचाळीसला, ती मूळ संख्या आहे म्हणून, त्यांनी तोंड उघडलं. आधी म्हणाले की माझा हात हलका नाही, कुणाचाच नसतो, मी आठ वर्षं तुम्हाला फसवलं, त्या पहिल्या वाडग्यासाठी. आणि मग ते वाक्य म्हणाले, दोन वर्षं घोळवलेलं, एका दमात.

आकडे उतरत गेले. मास्तरांनी वीस पाहिले, दहा पाहिले, चार आला तेव्हा दुसरीकडं पाहिलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी भोंगे वाजवले, आणि गाडी पुलावर चढली.

"हात हलका नाही हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं," साउबाई पुढं बघतच म्हणाल्या. "पातेलं माझ्या हातच्या चवीनं रिकामं होतं. आणि एक सांगून ठेवते, उद्यापासून पहिला वाडगा तुम्हाला मिळायचा नाही."

कंबरेवरचे मास्तरांचे हात सैल पडले.

"धरा नीट, पडाल," साउबाई म्हणाल्या. "घरचं माणूस गिऱ्हाइकांच्या आधी जेवायला बसतं का कुठं? सगळी उठली की मग खायचं, सगळ्यांत शेवटी, माझ्याबरोबर."